तीन काडतुसे आणि एक नकाशा

इंडस्ट्रियल व्हिजिट असो, गॅदरिंग असो की रविवारचा राजगडचा ट्रेक असो, आपल्या हॉस्टेलवर प्लॅनिंग म्हणजे आदल्या रात्री बारा वाजता कुणाच्या तरी रूमवर जमायचे, चहा प्यायचा आणि 'सकाळी बघू' म्हणत पांगायचे. सकाळी मग दोरी कुणाकडेच नसते आणि बॅटरीचे सेल तिघांनी तीन मापांचे आणलेले असतात. हे सगळे आठवायचे कारण जिम कॉर्बेट. या माणसाच्या शिकारकथा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असतानाच वाचलेल्या असतात. त्यांत गोळी सुटते ती चार-पाच ओळींत आणि त्याआधीची तयारी मात्र पानेच्या पाने चालते. लहानपणी ती पाने मी उलटून पुढे जायचो. अलीकडे पुन्हा वाचली तेव्हा उलटे झाले. बंदुकीचा बार राहिला बाजूला, आणि डोक्यात बसली ती तयारी. म्हणून त्याच्या आयुष्याकडे त्याच बाजूने बघायचे ठरवले.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला जन्मला. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचा नसेल तोच ते वारले आणि मोठे कुटुंब आईच्या गळ्यात पडले. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा डोंगराखाली कालाढुंगीला, असा या घराचा रिवाज होता. कालाढुंगीच्या अंगणापलीकडे लगेच जंगल सुरू व्हायचे. पोराच्या हातात पहिली बंदूक आली ती ठासणीची, जुनी, दुनळी. तिची एक नळी फुटलेली आणि पितळी तारेने बांधून ठेवलेली. दारूगोळा मोजका. एक बार वाया गेला की दुसरा भरायला वेळ लागायचा, त्यामुळे नेम धरण्याआधी कानाने आणि डोळ्याने काम करायची सवय लागली. भेकर ओरडले तर का, वानराने खॉक् केले तर कुठे बघून, सांबराने खूर आपटला तर बिबट्या चालतोय की बसलाय, ही सगळी लिपी तो शाळेच्या लिपीबरोबरच शिकला. शाळेची लिपी काही फार पुढे गेली नाही. पैशाअभावी कॉलेज राहिले. त्याला इंजिनिअर व्हायचे होते म्हणतात, आणि ते झाले असते तर आज हा लेख इथे लिहायला मला जास्त हक्क मिळाला असता!

त्याऐवजी विशीच्या आतच तो रेल्वेत लागला. आधी इंजिनांसाठी जळाऊ लाकूड तोडून घ्यायचे काम, नंतर १८९५ च्या सुमारास बिहारात गंगेकाठच्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचे कंत्राट. आपल्या विषयाशी याचा संबंध आहे, म्हणून जरा थांबतो. गंगेवर तिथे तेव्हा पूल नव्हता; मोकाम्याचा राजेंद्र सेतू झाला तो थेट १९५९ साली. एका बाजूला ब्रॉडगेजचे डबे, दुसऱ्या बाजूला मीटरगेजचे. एका गेजचा माल दुसऱ्या गेजवर जायचा तो माणसांच्या डोक्यावरून आणि पाठीवरून. हजारो टन धान्य, मीठ, साखर, कोळसा. पहिले काही महिने पैसे वेळेवर आले नाहीत, मजूर अर्धपोटी, आणि हा विशीतला पोरगा दिवसभर त्यांच्याबरोबर फावडे मारून रात्री हिशेब लिहीत बसलेला. या कामावर तो वीस वर्षांहून जास्त काळ टिकला. किती माणसे, किती वेळ, किती वजन, कुठे अडेल, अडले तर दुसरी वाट कोणती, हा हिशेब त्याच्या अंगात तिथे मुरला. नरभक्षकांच्या मागे तो जायचा तो बहुतेक सुट्टी काढून. शिकारीचे त्याने पैसे घेतले नाहीत.

आता १९०७. चंपावतची वाघीण. नेपाळात सुमारे २०० माणसे खाऊन ती कुमाऊंत आली होती आणि इथे आणखी २३४ तिच्या नावावर लागली. नैनितालच्या डेप्युटी कमिशनरने कॉर्बेटला विचारले. त्याने दोन अटी घातल्या. पहिली, वाघिणीवर लावलेली सगळी बक्षिसे आधी रद्द करायची. दुसरी, बाकीचे सगळे शिकारी आणि सरकारी बंदूकवाले त्या रानातून परत बोलवायचे. पहिली अट मानापमानाची वाटते, आणि थोडी होतीही. बक्षिसासाठी मारणारा ही ओळख त्याला नको होती. दुसरी मात्र शुद्ध व्यवहाराची. ज्या झुडपात काही हलले की पाच ठिकाणांहून बार निघणार, त्या झुडपात शिरायचे कुणी? 

अटी चोख, पण तयारी? खरे सांगायचे तर या पहिल्या मोहिमेत तो पुष्कळ कच्चा होता, आणि मला हा भाग म्हणूनच आवडतो. पाली नावाच्या गावात तो पोचला तेव्हा पाच दिवस कुणी दाराबाहेर पाऊल टाकले नव्हते. गावाला दाखवावे म्हणून म्हणा की स्वतःला, तो चांदण्या रात्री रस्त्याकडेच्या एका झाडाला पाठ लावून एकटा बसला. मचाण नाही, आमिष नाही, वाघीण कुठून येईल याचा काही अंदाज नाही. रात्रभर प्रत्येक सावलीची वाघीण झाली. सकाळी त्याची माणसे आली तेव्हा तो गुडघ्यांवर डोके टेकून गाढ झोपलेला होता. नरभक्षक वाघिणीच्या हद्दीत! ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, लपवलेली नाही.

पुढच्या दिवसांत तो शहाणा झाला. गहू उभा पिकून चालला होता आणि कापायला कुणी जाईना, तेव्हा लोक कापणी करत असताना तो रायफल घेऊन शेतात उभा राहिला. गावाने मग तोंड उघडले. वाघीण कुठे दिसली, कुठल्या ओढ्याने जाते, किती दिवसांनी येते. या गप्पांतून जे मिळाले ते कुठल्याही सरकारी कागदात नव्हते. नंतर चंपावतला सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी तिने उचलली आणि त्या मागावरून वाघीण एका खोलगट, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या दरीत आहे हे पक्के कळले. दुसऱ्या दिवशी हाका घालायचा ठरला. तहसीलदाराने गावोगाव निरोप धाडले आणि विनापरवाना बंदुकांकडे आज आपले लक्ष नसेल असेही सुचवले. दुपारपर्यंत २९८ माणसे जमली. बंदुका, कुऱ्हाडी, गंजक्या तलवारी, भाले, जे घरात होते ते. बेत असा की माणसांनी डोंगरधारेवर ओळ धरायची, कॉर्बेटने समोरच्या बाजूला जाऊन दरीच्या तोंडाशी बसायचे, रुमाल हलवायचा, मग हाका सुरू.

झाले काय, तो आणि तहसीलदार अजून वाटेतच होते, आणि वरच्या लोकांना वाटले साहेब खूण करायला विसरले. एकदम बंदुका, ढोल, आरडाओरडा, धोंडे गडगडायला लागले. कॉर्बेट पळत सुटला आणि मिळेल त्या जागी गवतात बसला. आणि त्याच्याजवळ काडतुसे किती? तीन. वाघावर दोनपेक्षा जास्त बार टाकायची संधी मिळतच नाही, तिसरे अडीअडचणीला, असा त्याचा हिशेब. तिन्ही संपली. वाघीण जखमी होऊन समोर उभी, आणि हातात रिकामी रायफल. मग तो तहसीलदाराकडे धावला, त्याची जुनी बंदूक घेतली आणि त्या बंदुकीने, जिची गोळी नेम धरला तिथे जातच नव्हती, ते काम संपवले. नेम होता उघड्या जबड्यावर, गोळी लागली पंजाला. पण आधीच्या जखमांनी वाघीण तशीही संपत आली होती. तिचे तोंड तपासले तर उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे तुटलेले, खालचा तर पार हाडापर्यंत. कुणाच्या तरी जुन्या गोळीचे काम. नीट शिकार करता येईना म्हणून ती माणसाकडे वळली होती. ४३६ माणसे, आणि मुळाशी कुणाचा तरी एक चुकार बार. कॉर्बेटने यानंतर बंदूक उचलण्याआधी विचार करायला आणखी जास्त वेळ घेतला असेल, तर नवल नाही.

मधली काही वर्षे झपाट्याने सांगतो. १९१० मध्ये पनारचा बिबट्या. पहिल्या महायुद्धात कुमाऊंतली ५०० माणसे घेऊन फ्रान्सला गेला आणि एक वगळता सगळी परत आणली. युद्धानंतर रेल्वेचे काम सुटले आणि तो नैनिताल-कालाढुंगीला राहू लागला. लग्न केले नाही. बहीण मॅगी शेवटपर्यंत बरोबर.

१९२५ मध्ये तो रुद्रप्रयागला गेला तेव्हा पन्नाशीचा होता. इथे प्राणी वाघ नव्हे, बिबट्या. १९१८ ते १९२६ या काळात त्याने १२५ माणसे मारली असे सरकारी नोंद सांगते. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेची वाट याच रानातून जायची, त्यामुळे देशभर बोभाटा झाला होता. सरकारने सगळे करून पाहिले होते. शिकारी नेमले, विष पेरले, सापळे लावले. एकदा तर तो एका गुहेत शिरला, लोकांनी गुहेचे तोंड काट्यांनी बंद केले, पाच दिवस पहारा दिला. मग एका प्रतिष्ठित गृहस्थाने आत काही नाही असे जाहीर करून काटे बाजूला केले, आणि बिबट्या जमलेल्या पाचशे लोकांमधून निघून गेला! पंचक्रोशीत मग तो सैतान ठरला.

कॉर्बेटने काय केले? नकाशा पसरला. सुमारे ५०० चौरस मैलांचा मुलूख, मधून अलकनंदा. मारल्या गेलेल्या माणसांची गाववार नोंद सरकारजवळ होतीच. बळी नदीच्या दोन्ही तीरांवर होते. अलकनंदेचे पाणी बर्फाचे आणि धार भयंकर, बिबट्या पोहून जाणार नाही. मग तो नदी ओलांडतो कशी? या टापूत झुलते पूल दोन, एक रुद्रप्रयागला आणि दुसरा वरच्या अंगाला चटवापीपलला. दोरांचा एक साकवही होता, पण त्यावरून उंदराखेरीज जनावर जाणार नाही असे त्याचे मत झाले. म्हणजे पाचशे मैलांचे रान दोन अरुंद फटींवर आले. चटवापीपलचा पूल त्याने काट्यांनी बंद करवला, आणि रुद्रप्रयागच्या पुलाच्या डाव्या काठावरच्या मनोऱ्यावर शिडीने चढून स्वतः बसला. मनोरा वीस फूट उंच, माथ्यावर जेमतेम आडवे होता येईल एवढी जागा, आणि दरीतून रात्रभर वारा. पकडायला धड काही नाही. वीस रात्री तो तिथे बसला. वीस रात्रींत पुलावरून गेले ते फक्त एक कोल्हे.

तर्क चुकला होता का? नाही. बिबट्या पुलावरूनच जायचा. त्या वीस रात्रींत त्याला जायचे नव्हते, एवढेच. आपण प्रॅक्टिकलला दोन रीडिंग जुळली नाहीत की तिसरे शेजाऱ्याच्या जर्नलमधून घेतो. इथे एकेक रीडिंग म्हणजे एक रात्र, आणि त्याच रात्री नदीच्या ज्या काठावर बिबट्या असेल तिथल्या गावात कुणाचे तरी दार ओरबाडले जाणार. हे त्याला वर बसल्या बसल्या ठाऊक होते.

दहा-एक आठवड्यांनी तो थकला. आणि मग त्याने जे केले त्याला माझ्या मते मनोऱ्यावर बसण्यापेक्षा जास्त छाती लागते. तो घरी परत गेला. बिबट्या जिवंत, वर्तमानपत्रे टीका करताहेत, आणि हा निघून गेला. त्याचे कारण सरळ होते. झोप नसलेला माणूस चुका करतो, आणि नरभक्षकाच्या मागावर चूक एकदाच होते. तो नसताना आणखी माणसे मारली गेली. ते ओझे घेऊन १९२६ च्या वसंतात तो परतला. गढवालचा डेप्युटी कमिशनर इबट्सन बरोबर होता. दोघांनी सापळा लावून पाहिला, विष वापरून पाहिले. एकदा रात्री अंधारात परतताना जवळचा पेट्रोलचा दिवा खडकावर आपटून निकामी झाला आणि मागे बिबट्या आहे हे माहीत असताना त्यांना चाचपडत वाट काढावी लागली. सामान कितीही चांगले असो, ऐन वेळी मान टाकते, हे आपल्या कुठल्याही वर्कशॉप असिस्टंटला विचारा.

शेवटी मदतीला आली ती पुन्हा एक साधी नोंद. रुद्रप्रयाग आणि गोलाबराई यांच्यामधल्या रस्त्याने हा बिबट्या सरासरी पाच दिवसांतून एकदा जातो. गोलाबराईला यात्रेकरूंच्या मुक्कामाची छपरी होती. ती चालवणाऱ्या पंडिताच्या गळ्याला याच बिबट्याने पूर्वी धरले होते आणि तो कसाबसा जगला होता. तिथल्या रस्त्याकडेला एक आंब्याचे झाड. कॉर्बेट झाडावर, खाली रस्त्यावर गळ्यात घंटा बांधलेली बकरी, रायफलीला टॉर्च बांधलेला. रात्रीमागून रात्री काही नाही. मग १ मे १९२६ ची रात्र. मेंढ्यांचा कळप घेऊन एक व्यापारी जवळच उतरला होता. त्याची कुत्री आधी भुंकली, बराच वेळ भुंकली. मग शांतता. मग बकरीची घंटा. टॉर्चचे बटण दाबले, उजेड नेमका बिबट्याच्या खांद्यावर होता, बार काढला, आणि टॉर्च विझला. पुढचे कित्येक तास तो काळोखात तसाच बसून राहिला; लागले की नाही, कळायला मार्ग नाही. उजाडल्यावर रक्ताच्या मागाने उतरला तर थोड्याच अंतरावर एका खळग्याच्या कडेला हनुवटी टेकून बिबट्या मेलेला. म्हातारा नर, दात झिजलेले, पायाला १९२१ च्या एका जुन्या गोळीची खूण. सैतान वगैरे काही नाही. त्याच्याकडे बघून कॉर्बेटला आनंदापेक्षा वाईट वाटले असे त्याच्या लिहिण्यावरून जाणवते.

त्याची एक युक्ती मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाघाला वाटते की माणसालाही इतर जनावरांसारखा वास येतो. त्यामुळे तो दबा धरतो तो नेहमी आपल्याकडून वारा त्याच्याकडे जाईल अशा बाजूला. म्हणजे वारा तोंडावर घेऊन चाललात तर धोका पाठीमागे. कॉर्बेट मग सरळ चालतच नसे. शिडाचे जहाज वाऱ्याविरुद्ध जाताना नागमोडी जाते तसा तो आडवा-तिरपा जायचा, म्हणजे धोका कधी डावीकडे, कधी उजवीकडे, पण पाठीमागे कधीच नाही. इतका हिशेबी माणूस, आणि तरी त्याची एक पक्की अंधश्रद्धा होती! वाटेत साप मारल्याशिवाय नरभक्षक हाती लागत नाही. व्हायवाच्या दिवशी तोच शर्ट घालणाऱ्या मंडळींनी हसू नये.

१९२९ च्या फेब्रुवारीत कुमाऊंच्या जिल्हा अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि तीन नरभक्षकांचा क्रम ठरला: चौगढ, मोहान, कांडा. चौगढच्या वाघिणीने ६४ माणसे मारली होती आणि तिचा टापू १५०० चौरस मैलांचा, म्हणून ती पहिली. हिशेबाचे क्रम कागदावर ठरतात, वाघीण मात्र एप्रिल १९३० मध्ये मिळाली, तीही एका वळणावर अचानक, अगदी समोर. तेव्हा कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी होती, कारण पक्ष्यांची अंडी जमवायचा नाद. ती फुटू नयेत म्हणून त्याने एका हाताने, अगदी सावकाश रायफल वळवली. मग अंडी परत नेऊन जिथून उचलली तिथे ठेवली.

शेवटचा नरभक्षक ठाकचा, नोव्हेंबर १९३८. वय ६३. मुदत ३० नोव्हेंबरची ठरवलेली, सगळे उपाय फसलेले. त्या संध्याकाळी चार माणसे आणि दोन बकऱ्या घेऊन तो परत निघाला होता. वाटेत वाघिणीचा आवाज आला. कॉर्बेटने नर वाघाची हाक काढली. ती उत्तर देत जवळ येत गेली, उजेड संपत आला, माणसे मागे अंग चोरून बसलेली. लहानपणी तारेने बांधलेली बंदूक घेऊन शिकलेली ती लिपी शेवटी उपयोगी पडली. वाघिणीला तिच्याच भाषेत फसवून मारले, ही गोष्ट वाचताना पोटात कसेसेच होते हेही खरे.

तोवर त्याचा जीव कॅमेऱ्यात अडकला होता. १९२८ साली त्याला १६ मिलिमीटरचा सिनेकॅमेरा भेट मिळाला. अडचण अशी की कॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ पळायचे. दहा वर्षे धड चित्रण जमेना. मग त्याने जंगलात एक जागा निवडली, ओढ्याला लहान लहान बांध घालून छोटे धबधबे तयार केले आणि पाण्याच्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडवला. महिनोन्महिने वाघांना त्या जागेची सवय लावली. १९३८ मध्ये तिथे एकत्र सात वाघांचे चित्रण त्याने केले. नॉइज मास्किंगचा याहून सुंदर प्रयोग मला तरी माहीत नाही.

१९३६ मध्ये रामगंगेच्या खोऱ्यात हेली नॅशनल पार्क झाले, भारतातले पहिले. त्यामागे त्याचीही खटपट होती. त्याच वेळी व्हाइसरॉयच्या शिकारींची व्यवस्थाही तोच बघत होता. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावत होत्या, हे मला अजून नीट उलगडलेले नाही. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' १९४४ साली आले आणि नैनितालचा हा माणूस जगाला माहीत झाला.

नोव्हेंबर १९४७ मध्ये भाऊ-बहीण केनियाला गेले. आपल्या शेजारच्या छोटी हल्द्वानी गावातली जमीन त्याने कसणाऱ्यांना देऊन टाकली आणि तिचा सारा मात्र तिकडून स्वतः भरत राहिला. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे तो वारला. दोन वर्षांनी त्या पार्कला त्याचे नाव दिले गेले, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तोही तिथेच. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपले मेळघाटही होते. शिकारीला त्याच्या एक वर्ष आधीच, १९७२ च्या कायद्याने बंदी आली होती. कालाढुंगीच्या घरात आता संग्रहालय आहे. रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून त्याने छोटी हल्द्वानीभोवती दगडी भिंत बांधून घेतली होती. तिचे काही तुकडे अजून उभे आहेत.